मुलांचे वळण : धार व देवास येथील काही जुनी पाने

गेल्या वर्षी एका देवस्थानच्या विश्वस्तांनी आम्हांस सल्ल्यासाठी बोलाविले होते. प्रकरण तसे लहानच. देवळामागच्या वाडीत राहणारा अकरा वर्षांचा एक मुलगा दानपेटीच्या फटीतून, टोकाला डिंक लावलेल्या काडीने, नोटा ओढून काढताना सापडला होता. रक्कम झाली एकशे चाळीस रुपये. पोलिसांत कळवावे, की मुलाच्या आईला बोलावून समज द्यावी, एवढाच प्रश्न होता. आम्ही २०१५ चा बालन्याय कायदा समजावून सांगितला. अशा मुलास कायदा आरोपी म्हणत नाही, ‘विधिसंघर्षग्रस्त बालक’ म्हणतो, आणि शिक्षेचा विचार करण्यापूर्वी त्याच्या घरची स्थिती पाहावयास सांगतो, हेही सांगितले. सारे ऐकून घेऊन एक वयोवृद्ध विश्वस्त शांतपणे म्हणाले, “ते सगळे खरे, वकीलसाहेब, पण खाण तशी माती. त्याचा बाप कोठे आहे ते विचारा.” बाप तुरुंगात होता. त्यावर बैठकीत कोणी काही बोलले नाही, आणि आम्हांलाही त्या क्षणी उत्तर सुचले नाही.

पुढे दोन महिन्यांनी कामानिमित्त इंदुरास जाणे झाले व तेथून धार आणि देवास ही पवारांची दोन्ही जुनी ठिकाणे पाहण्याचा योग आला. धारच्या किल्ल्यात हिंडताना सोबतच्या एका मराठी सद्गृहस्थांनी सांगितले, “शेवटचा बाजीराव येथे जन्मला.” आणि लगेच पुस्ती जोडली, “राघोबाचा मुलगा, आनंदीबाईच्या पोटचा. दुसरे काय होणार होते?” देवस्थानच्या बैठकीतले ते वाक्य दोनशे कोस ओलांडून आमच्या पाठोपाठ आले आहे, असे आम्हांस वाटले. हा लेख त्या वाक्याचे उशिरा सुचलेले उत्तर समजावा.

बाजीराव रघुनाथ यांचा जन्म १७७५ च्या जानेवारीतला. नारायणराव पेशव्यांचा खून होऊन दीड वर्ष लोटले नव्हते. बारभाईंनी रघुनाथरावांविरुद्ध कारस्थान उभे केले होते आणि राघोबादादा मुक्काम बदलीत फिरत होते. गर्भवती आनंदीबाईस त्यांनी सुरक्षिततेसाठी धारच्या किल्ल्यात ठेविले. किल्ल्याचे धनी खंडेराव पवार हे स्वतःच त्या वेळी कोवळ्या वयाचे. बाप यशवंतराव पानिपतावर पडले तेव्हा ते अवघे अडीच वर्षांचे होते. दादांचा पक्ष घेतल्याबद्दल पवारांचा मुलूख जप्त झाला, किल्ल्याला वेढा पडला, आणि आनंदीबाई व तिचे तान्हे मूल स्वाधीन केल्यावरच तो मुलूख परत मिळाला, असे माळव्याचा इतिहास लिहिणाऱ्यांनी नोंदले आहे. वकिलीच्या भाषेत सांगावयाचे तर जन्मानंतर थोड्याच महिन्यांत हे मूल तारण म्हणून एका हातातून दुसऱ्या हातात गेले. पुढची वीस वर्षे ते तारणच राहिले.

१७८३ च्या अखेरीस रघुनाथराव कोपरगावी वारले. बाजीराव तेव्हा जेमतेम नऊ वर्षांचे. धाकटा चिमाजी बापाच्या मृत्यूनंतर जन्मला. आई, हे दोन मुलगे व दत्तक घेतलेले अमृतराव असे हे कुटुंब नाना फडणिसांच्या पहाऱ्यात प्रथम कोपरगावी, नंतर नाशिकजवळ आनंदवल्लीस आणि शेवटी जुन्नरास शिवनेरीवर राहिले. आनंदीबाई १७९४ साली वारल्या. शिक्षणात काही उणे पडले असे मात्र नाही. बाजीराव घोड्यावर उत्तम बसत, तिरंदाजी व भालाफेक जाणत, आणि त्यांच्या दर्जाच्या माणसांत शास्त्रांचे एवढे ज्ञान क्वचितच कोणास असेल, असे ग्रँट डफने लिहून ठेविले आहे. म्हणजे गुरुजी होते, पोथ्या होत्या, घोडे होते. नव्हते ते एवढेच, की ज्याच्यासमोर मनातले बोलले तर ते पुण्यास कळविले जाणार नाही असे एकही माणूस.

पुण्यास त्याच वेळी दुसरा मुलगा वाढत होता. नारायणरावांच्या पश्चात १७७४ च्या एप्रिलात पुरंदरावर जन्मलेले सवाई माधवराव चाळीस दिवसांचे असताना पेशवे झाले. आई गंगाबाई लवकरच गेल्या. नानांनी मुलाची जी जपणूक केली तिच्या निष्ठेबद्दल शंका घेण्याचे कारण नाही. पण ती जपणूक होती राज्याची, आणि मूल हे त्या राज्याचे शिक्कामोर्तब होते. कोठे जावे, कोणाशी बोलावे, केव्हा उठावे, सारे ठरलेले. शनिवारवाड्यातल्या या मुलास शिवनेरीवरच्या चुलत्याविषयी कुतूहल वाटे, आणि बाजीरावांनी पहाऱ्यावरील बळवंतराव नागनाथ यास वश करून त्यांच्याशी गुप्त पत्रव्यवहार सुरू केला. आपण दोघेही कैदीच, तुम्ही पुण्यास व मी जुन्नरास, तरी मने मोकळी आहेत, अशा अर्थाचा मजकूर त्यांत होता, असे ग्रँट डफ सांगतो. नानांना ते कळले. बळवंतरावास किल्ल्यावर टाकण्यात आले, बाजीरावांवरचा पहारा कडक झाला आणि माधवरावांस बोलणी बसली. १७९५ च्या ऑक्टोबरात माधवराव वाड्याच्या गच्चीवरून खाली पडले व दोन दिवसांनी वारले. पडले की उडी टाकली, हा वाद इतिहासकारांत अजून संपलेला नाही. वय होते एकवीस.

या पत्रांविषयी आमच्या मनात नेहमी एक विचार येतो. नानांच्या नजरेतून पाहिले तर ते राजद्रोहाचे कागद. आणि त्यांत कावा नव्हताच असे कोण म्हणेल? पण विशीतले ते दोन तरुण, बापाच्या खुनाचा संशय ज्याच्या बापावर त्या चुलत्यास पत्र लिहिणारा एक आणि त्याचे उत्तर मागणारा दुसरा, त्या काळातल्या सगळ्या वडीलधाऱ्यांपेक्षा शहाणपणाच्या अधिक जवळ होते असे आम्हांस वाटते.

१७९६ मध्ये बाजीराव पेशवे झाले. त्यानंतरचा इतिहास वाचकांस ठाऊक आहे. दिलेला शब्द मोडणे, सरदारास सरदाराशी झुंजविणे, संकट दिसताच पाय काढणे, १८०२ चा वसईचा तह, आणि अखेर १८१८ च्या जूनमध्ये सर जॉन मॅल्कमच्या स्वाधीन होऊन आठ लाखांच्या तनख्यावर ब्रह्मावर्ताचा मुक्काम. यांतला एकेक दुर्गुण घ्या आणि तो वीस वर्षांच्या कैदेत कसा उपयोगी पडला असेल ते पाहा. कैद्याने शब्द द्यावा तो सुटण्यासाठी. पहारेकऱ्यांत दुही असेल तर त्याचा फायदा. आणि दार उघडे दिसले की निघून जाणे हेच शौर्य. शिवनेरीवर जी विद्या प्राण वाचविणारी होती तीच शनिवारवाड्यात राज्य बुडविणारी ठरली.

बाजीरावांची वकिली करण्याचा आमचा हेतू नाही. विठोजी होळकरास हत्तीच्या पायी देताना हसणारा, असे ज्याचे वर्णन होते, त्या पेशव्यास बालपण पुढे करून सोडविता येत नाही. शिवाय साक्ष पुरी द्यावयाची तर हेही सांगितले पाहिजे की त्याच पहाऱ्यात अमृतरावही होते, आणि ते समंजस, धोरणी व पुढे उदार दानधर्म करणारे म्हणून ओळखले गेले. पण अमृतराव वयाने मोठे होते. कैद सुरू झाली तेव्हा त्यांचे बालपण सरत आले होते. कोणत्या वयात काय वाट्यास आले, याला महत्त्व आहे. रघुनाथराव-आनंदीबाईंचे रक्त अमृतरावांत नव्हते, हे खाण-मातीवाले लगेच पुढे करतील. करोत बापडे. तेच रक्त चिमाजीत होते, आणि तो राजकारणात फारसा कोणाच्या अध्यात ना मध्यात, शेवटी काशीस जाऊन वारला.

धारच्या गादीवर नजर टाकली तर हा प्रश्न आणखी रुंद होतो. खंडेराव अडीच वर्षांचे असताना धनी झाले, असे वर आलेच. त्यांचे पुत्र आनंदराव बापाच्या मृत्यूनंतर जन्मले व बडोद्यास आजोळी वाढले. आनंदराव १८०७ मध्ये वारले तेव्हा त्यांची पत्नी मैनाबाई गर्भवती होती. गादीवर डोळा ठेवणाऱ्यांच्या भयाने ती मांडूस गेली आणि तेथे रामचंद्ररावांचा जन्म झाला. ते मूल तीन वर्षांत गेले. मैनाबाईने बहिणीचा मुलगा दत्तक घेतला, आणि नावही तेच ठेविले, रामचंद्रराव. शिंदे-होळकरांच्या ओढाताणीत धारचे राज्य नाममात्र उरले असता या बाईने ते टिकविले आणि १८१९ च्या तहाने त्यास स्थैर्य मिळवून दिले. तिच्या हिमतीची प्रशंसा मॅल्कमनेही केली आहे. पण बहिणीच्या घरून आलेल्या त्या मुलाचा विचार आमच्या मनातून जात नाही. मेलेल्या भावाचे नाव अंगावर चढवून तो गादीवर बसला. त्याला पहिल्या नावाने हाक मारणारे वाड्यात कोणी असेल काय?

१८१० नंतर धारच्या गादीवर बापामागे औरस पुत्र असा बसलाच नाही. एकामागून एक सारे दत्तक. १८५७ साली तर दत्तविधान होऊन तेरा-चौदा वर्षांचे आनंदराव गादीवर आले तोच बंड उसळले, संस्थान जप्त झाले आणि ते त्यांस १८६० मध्ये परत मिळाले. मोठ्यांनी केलेल्या बंडाचा दंड मुलाच्या नावावर पडला.

आमच्या धर्मशास्त्राने दत्तकाचा विचार पिंड आणि वंश यांसाठी केला. मूल कोणी द्यावे, कोणी घ्यावे, एकुलता एक द्यावा की नाही, यांवर नंद पंडितांसारख्यांनी सूक्ष्म चर्चा केली. मुलाला काय वाटते, हा प्रश्न त्या चर्चेत नव्हता. जुन्या पंडितांस दोष देण्यात अर्थ नाही. त्या काळी तो जगात कोठेच विचारला जात नव्हता. १८९० च्या पालक व पाल्य कायद्यात अज्ञान मुलाच्या हिताची भाषा आली. १९५६ च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्याने तेराव्या कलमात मुलाचे हित हीच सर्वोच्च कसोटी ठरविली; आणि त्याच वर्षीच्या दत्तक कायद्यात, जेथे पालकाने मूल दत्तक द्यावयास न्यायालयाची परवानगी लागते तेथे, मुलाचे वय व समज पाहून त्याची इच्छाही विचारात घ्यावी, असे शब्द आले. ते शब्द वाचताना आम्हांस मांडूचा तो दुसरा रामचंद्र आठवतो.

आता देवासकडे वळू. देवासच्या टेकडीवर तुळजाभवानी व चामुंडा अशा दोन देवी; लोक त्यांना मोठी माता व छोटी माता म्हणतात आणि बहिणी मानतात. खाली गावातही तसेच. तुकोजी व जिवाजी या पवार बंधूंनी अठराव्या शतकात एकाच गावात दोन गाद्या मांडल्या, आणि थोरली पाती व धाकटी पाती अशी ती व्यवस्था संस्थाने विलीन होईपर्यंत चालली. थोरल्या पातीच्या गादीवर १८९९ च्या ऑक्टोबरात तिसरे तुकोजीराव बसले. तेही दत्तक, वय अकरा.

ते साल माळव्यात कोणी विसरले नाही. विक्रम संवत १९५६, ‘छप्पनचा दुष्काळ’. पावलोपावली अन्न आणि पाणी अशी ज्या माळव्याची ख्याती, आणि आसपासच्या प्रांतांतले दुष्काळग्रस्त आजवर जेथे आश्रयास येत, तेथेच पाऊस फिरला. त्यानंतर आलेल्या तापाने व पटकीने भुकेतून वाचलेल्यांस नेले. १८९१ आणि १९०१ या दोन शिरगणत्यांच्या दरम्यान मध्य हिंदुस्थानची वस्ती वाढण्याऐवजी घटली. १९०१ साली सबंध धार संस्थानात १,४२,११५ माणसे उरली होती. अकरा वर्षांच्या राजास नजराणे होत होते त्याच हिवाळ्यात त्याच्याच वयाची मुले रस्त्यांवर टाकली जात होती. त्यांना कोणी उचलले? माळव्यात कॅनडाच्या प्रेस्बिटेरियन मिशनने पुष्कळ अनाथ मुले गोळा केली. धार येथे डॉ. मार्गारेट ओहारा या बाईंचे काम होते. धर्मांतराचा त्यांचा हेतू उघड होता, आणि त्याबद्दल आपल्याकडे पुष्कळ लिहिले गेले. ते लिहिणाऱ्यांनी त्या मुलांस पेज घातली असती तर लिहिण्याचा अधिकार वाढला असता. आपल्या बाजूने काहीच झाले नाही असेही नाही. पंढरपुरास, विठोबाच्या दारीच, १८७५ साली लालशंकर उमियाशंकर या न्यायखात्यातील गृहस्थांच्या पुढाकाराने प्रार्थना समाजाचे बालकाश्रम निघाले होते, आणि टाकलेली मुले तेथे वाढत होती. पण ते काम प्रार्थना समाजाने केले, देवळाने नव्हे. देवस्थानांच्या वाचकांसमोर हे वाक्य लिहिताना आमची लेखणी थोडी अडखळली. तरी ते खोडावे असे वाटले नाही.

इकडे तुकोजीरावांचे शिक्षण थाटाने झाले. इंदूरचे डेली कॉलेज, अजमेरचे मेयो कॉलेज, आणि १९०७ पासून माल्कम डार्लिंग हा तरुण इंग्रज शिक्षक. डार्लिंगने त्यांच्यावर मनापासून प्रेम केले, आणि ती मैत्री आयुष्यभर टिकली. (हाच डार्लिंग पुढे पंजाबातील शेतकऱ्यांच्या कर्जबाजारीपणावर ग्रंथ लिहून प्रसिद्ध झाला, राजपुत्राचा शिक्षक सावकाराच्या वह्यांत शिरला, ही गोष्ट आम्हांस मोठी गोड वाटते.) डार्लिंगच्याच ओळखीने इंग्रज कादंबरीकार फॉर्स्टर देवासास आला, १९२१ मध्ये काही महिने त्याने महाराजांचे खाजगी चिटणीसपद सांभाळले, आणि १९५३ साली ‘द हिल ऑफ देवी’ हे पुस्तक प्रसिद्ध केले. त्यात दिसणारे तुकोजीराव विनोदी, बुद्धिमान, कमालीचे स्नेहाळ व भाविक आहेत. गोकुळाष्टमीच्या उत्सवात दिवसचे दिवस ते कृष्णजन्माच्या आनंदात बुडून जात, देवापुढे गात व नाचत. ते ढोंग नव्हते. फॉर्स्टरसारख्या अश्रद्ध माणसासही ते ढोंग वाटले नाही.

आणि घरी? तुकोजीरावांचा विवाह १९०८ साली कोल्हापूरच्या राजर्षी शाहू महाराजांच्या कन्या राधाबाई ऊर्फ अक्कासाहेब यांच्याशी झाला. १९१० मध्ये विक्रमसिंह जन्मले. नवराबायकोचे पटले नाही, आणि अक्कासाहेब माहेरी कोल्हापुरास निघून गेल्या. मूल राहिले देवासास. सासर-माहेरच्या या भांडणात वाड्यात दोन पक्ष झाले; नोकरांत, मुत्सद्द्यांत, पोलिटिकल एजंटाच्या कचेरीतही झाले. कुणाची माणसे कोण, याचा संशय बापाच्या मनात आणि मुलाच्याही. १९२७ च्या अखेरीस सतरा वर्षांचे विक्रमसिंह देवास सोडून इंदुरास इंग्रज अधिकाऱ्यांच्या आश्रयास गेले. बाप आपणांस विष देईल, असे त्यांचे म्हणणे होते. फॉर्स्टर व डार्लिंग या दोघांचाही त्यावर कधी विश्वास बसला नाही, आणि आमचाही बसत नाही. पण विष होते की नव्हते हा प्रश्न आमच्या लेखी दुय्यम आहे. ज्या मुलास आपला बाप असे करील असे खरेच वाटू शकते, त्याच्या ताटातले अन्न शुद्ध होते म्हणून काय झाले?

तुकोजीरावांस तो घाव पुसता आला नाही. संस्थान कर्जात गेले, सरकारची चौकशी दारात आली; १९३३ च्या अखेरीस यात्रेच्या निमित्ताने ते निघाले आणि फ्रेंचांच्या पाँडिचेरीस जाऊन राहिले. १९३७ च्या डिसेंबरात तेथेच वारले. बालकृष्णाच्या जन्मोत्सवात देहभान विसरणाऱ्या या माणसास स्वतःच्या मुलाजवळ बसणे का जमले नाही, याचे उत्तर त्यांच्या स्वभावात शोधण्यापेक्षा अकराव्या वर्षी त्यांच्याभोवती कोण होते यात शोधावे, असे आम्हांस वाटते. कारभारी होते, शास्त्री होते, नोकर होते, पुढे एक जिव्हाळ्याचा शिक्षकही आला. बाप मुलाशी कसा वागतो हे पाहावयास मात्र मिळाले नाही.

विक्रमसिंहांची गोष्ट येथे संपत नाही. ते देवासचे राजे झाले, दुसऱ्या महायुद्धात रणांगणावर गेले. कोल्हापुरास दत्तक घेतलेले छत्रपती शिवाजी पाच वर्षांचेही झाले नव्हते तोच १९४६ मध्ये निवर्तले, आणि १९४७ साली आईकडून शाहू महाराजांचे नातू असलेले विक्रमसिंह कोल्हापूरच्या गादीवर दत्तक गेले. तेच छत्रपती शहाजी महाराज. देवासची गादी मागे राहिली ती त्यांच्या मुलाकडे, कृष्णाजीरावांकडे.

राजर्षी शाहूंचे नाव आले ते केवळ सोयरिकीपुरते सोडणे योग्य होणार नाही. तेही दत्तकच. कागलच्या घाटग्यांचे यशवंतराव, तीन वर्षांचे असताना आई गेली, १८८४ साली दहाव्या वर्षी कोल्हापूरच्या गादीवर आले, आणि दोन वर्षांत जन्मदाते वडीलही गेले. राजकोट व धारवाड येथे ते शिकले. फ्रेझर या शिक्षकाने त्यांना देशभर हिंडविले. म्हणजे तुकोजीरावांच्या बालपणाशी हे बालपण कितीतरी मिळतेजुळते. एकाच साच्यातून दोन भिन्न माणसे निघाली, तेव्हा आमच्या सिद्धान्ताची येथे थोडी फजिती होते, हे कबूल केले पाहिजे. एवढे म्हणता येईल की शाहूंनी आपल्या वाट्यास आले ते दुसऱ्यांच्या मुलांस देण्याचा ध्यास घेतला. १९०१ पासून वसतिगृहे काढली. १९१७ साली सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा कायदा केला. मूल शाळेत न पाठविणाऱ्या पालकास महिना एक रुपया दंड होता. कुळवाड्यास तो एक रुपया जड होता, आणि शेणगोळा करणारे मूल घरातून गेले की आणखी जड. दंड बापास आणि वसतिगृह मुलास, अशी दोन्ही टोके धरूनच तो कायदा चालू शकला असता. आणि ही दोन्ही टोके एकाच राजाने धरली होती.

शाळा हे धारेचे जुने भूषण. तेथील ज्या वास्तूचा वाद न्यायालयांत गेला आहे त्यात आम्ही शिरत नाही. पण तेथे दोन सर्पबंध शिलालेख आहेत, नागाच्या वेटोळ्यांत वर्णमाला आणि विभक्ती-क्रियापदांचे प्रत्यय कोरलेले. मुलाला व्याकरण पाठ व्हावे म्हणून नाग काढणारा तो परमारकालीन पंतोजी आम्हांस राजापेक्षाही जवळचा वाटतो. मात्र त्याच धार जिल्ह्यात २०११ च्या जनगणनेत साक्षरता शेकडा ५९ होती, आणि वस्तीपैकी निम्म्याहून अधिक, शेकडा सुमारे ५६, भिल्ल-भिलाला आदी अनुसूचित जमातींची. पेरणी-कापणीच्या मधल्या महिन्यांत ही कुटुंबे मजुरीसाठी गुजरातेत जातात. मूल बरोबर जाते, आणि परत येते तो पटावरचे नाव गेलेले असते. मध्य प्रदेश सरकारने १ जानेवारी १९९७ पासून एक योजना आणली होती: आदिवासी पाड्यावर पंचवीस मुले असतील व एक किलोमीटरच्या आत शाळा नसेल, तर गावाने मागणी केल्यापासून नव्वद दिवसांत शिक्षक देणे सरकारवर बंधनकारक. शाळा मागण्याचा अधिकार गावाच्या हाती आला, ही त्यातील नवी गोष्ट. त्या शाळांचा दर्जा कमी, गुरुजींचा पगार तुटपुंजा, अशी टीका झाली व ती खोटी नव्हती. देवासास ‘एकलव्य’ या संस्थेने १९८२ नंतर केंद्र काढून सरकारी शाळांतील शिक्षकांबरोबर पुष्कळ वर्षे काम केले. मूल प्रयोग करून, प्रश्न विचारून शिकते, हे त्यांचे सूत्र. २००१ च्या नोव्हेंबरात सर्वोच्च न्यायालयाने प्राथमिक शाळांत शिजविलेले अन्न देण्याचा हुकूम केला, आणि २०१० च्या एप्रिलपासून सहा ते चौदा वर्षांच्या मुलांस शिक्षणाचा हक्क देणारा कायदा अमलात आला. त्याच्या सतराव्या कलमाने शाळेतला मार व मानसिक छळही बंद केला. कागदावर, असे वाचक म्हणतील. होय, पण १८१० साली कागदावरही नव्हते.

दारिद्र्याने मूल बिघडते ते कशाने, याविषयी एक परदेशी दाखला येथे देण्यासारखा आहे. अमेरिकेत उत्तर कॅरोलायना राज्यातील डोंगराळ भागात १९९३ पासून काही संशोधक नऊ ते तेरा वर्षांच्या १,४२० मुलांचे मानसिक स्वास्थ्य दरवर्षी तपासीत होते. त्यांतली सुमारे चौथा हिस्सा मुले चेरोकी या मूळ रहिवासी जमातीची. १९९६ मध्ये जमातीच्या भूमीवर जुगारगृह उघडले, आणि त्याच्या नफ्याचा वाटा प्रत्येक चेरोकी कुटुंबास मिळू लागला. (जुगाराच्या पैशातून हे ज्ञान यावे, हा विधात्याचा विनोद!) पैसा कोणाच्या गुणावगुणांवर आला नव्हता, सर्वांस सारखा. २००३ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला. ज्या कुटुंबांचे दारिद्र्य त्या पैशाने फिटले, त्यांतील मुलांची मारामारी, उद्धटपणा, चोरी यांसारखी लक्षणे कधीच गरीब नसलेल्या मुलांइतकी खाली आली. उदासी व भय यांत मात्र तसा फरक पडला नाही. आणि वागणूक सुधारली ती कशामुळे, याचा शोध घेता प्रमुख कारण निघाले ते असे, की आईबापांस मुलांकडे पाहावयास वेळ मिळू लागला. रक्त तेच, जमात तीच, डोंगर तोच.

शनिवारवाड्यातील मुलावर शंभर डोळे होते आणि मुलाकडे पाहणारे कोणी नव्हते. धार जिल्ह्यातील मजुराच्या मुलाची आई त्याच्याकडे पाहू इच्छिते, पण ती कापसाच्या शेतात आहे. या दोन दुःखांस एका पारड्यात घालण्याचा आमचा विचार नाही. वाड्यातल्या मुलास भूक ठाऊक नव्हती, आणि भुकेची बरोबरी दुसऱ्या कशाने होत नाही.

इंदुराहून परतल्यावर आम्ही त्या देवस्थानात पुन्हा गेलो. मुलाची आई दोन घरची धुणीभांडी व लग्नसराईत कार्यालयातील वाढप-उष्टे करते. पहाटे पाचास निघते व रात्री नवास येते, हे चौकशीत कळले. मुलगा चार महिने शाळेत गेलाच नव्हता. शाळेतून कोणी विचारावयास आले नव्हते, आणि देवळातूनही नाही, जरी तो रोज आमच्या सर्वांच्या डोळ्यांदेखत अग्रशाळेच्या पायऱ्यांवर बसलेला असे. एकशे चाळीसपैकी साठ रुपयांचे त्याने काय केले होते, हेही निघाले. शाळेच्या पिशवीची साखळी बसवून घेतली होती.

विश्वस्तांनी पोलिसांत कळविले नाही. मुलाचे नाव पुन्हा पटावर घालून आणण्यास आमच्याबरोबर ते वयोवृद्ध विश्वस्तच आले. मुख्याध्यापकांसमोर पालकाच्या जागी सही कोणी करावयाची, हा प्रश्न निघाला तेव्हा त्यांनी चष्मा काढला, पुसला, आणि आईची वेळ कधी असते ते विचारले. आम्ही सांगितले, रविवारी दुपारी दोन ते चार. मुख्याध्यापक म्हणाले, रविवारी शाळा बंद असते.